नवे यंत्र आणि जुना परवाना



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भरदार विषयांची सवय असते. त्या पंक्तीत सॉफ्टवेअरचा परवाना हा विषय आणून बसवणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात सुपारीचे खांड वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु आपल्यापैकी कोणाची ठेव पतसंस्थेत आहे, कोणाचे तपासणी-अहवाल रुग्णालयात आहेत, कोणाच्या मुलांच्या गुणपत्रिका महाविद्यालयात आहेत. या साऱ्यांच्या नोंदी आज कोठल्या तरी खोलीत घरघरणाऱ्या एका यंत्रावर असतात. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. माणसाप्रमाणे यंत्रही मर्त्यच. ते एक दिवस बंद पडणार, हे ठरलेले. त्या दिवशी दुसरे यंत्र आणून त्यावर जुना संसार पुन्हा मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो जितका रुक्ष आहे, तितकाच आपल्या दाराशी आलेला आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरले, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले, हे आपण विसरलेलो नाही. अशाच एखाद्या नदीकाठच्या गावातली एक पतसंस्था डोळ्यांपुढे आणा. संस्था काल्पनिक आहे, पण तिची गोष्ट काल्पनिक नाही. तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला. व्यवस्थापक मात्र दूरदर्शी होते. रोज रात्री सर्व हिशेबाची नक्कल काढली जाई आणि ती दुसऱ्या गावी ठेवली जाई. पाणी ओसरले, नवे यंत्र आले. जुन्या जातीचे यंत्र बाजारात उरले नव्हते, तेव्हा जे मिळाले ते घेतले. निराळ्या यंत्रावर जुनी नक्कल उतरवताना अडचणी येतात. डिस्क हाताळणारा भाग वेगळा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. यंत्र सुरू करण्याची पद्धत जुन्या यंत्रात बायॉसची, नव्यात यूईएफआयची. परंतु या अडचणींवर आता उत्तम अवजारे निघाली आहेत. मध्यरात्री पडदा उजळला, ठेवीदारांची खाती पैपैसह दिसू लागली आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

सकाळी तीन गोष्टी झाल्या. यंत्र चालवणारी मूळ प्रणाली म्हणाली, "हे यंत्र माझ्या ओळखीचे नाही, परवाना पुन्हा सिद्ध करा." माहितीचा साठा सांभाळणारी प्रणाली, म्हणजे डेटाबेस, काही न बोलता चालू झाली. आणि कर्जवसुलीचा खास कार्यक्रम उघडलाच नाही. कारण त्याची किल्ली बुडालेल्या यंत्राच्या एका क्रमांकाशी बांधलेली होती, आणि तो कार्यक्रम विकणाऱ्या गृहस्थांचा दूरध्वनी कधीच बंद झाला होता.

श्रोतेहो, ही तीन उदाहरणे म्हणजे या विषयाची तीन दारे आहेत. पहिल्यात हक्क असेल वा नसेल, पण यंत्र अडवते. दुसऱ्यात यंत्र अडवत नाही, पण हक्क नाही. तिसऱ्यात हक्क आहे, पण तो बजावून देणारा उरला नाही. कार्यक्रम चालणे आणि तो चालवण्याचा हक्क असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे एक वाक्य आपण घरी घेऊन गेलात, तरी माझे बोलणे सार्थकी लागले.

हा दुजाभाव आला कोठून? एके काळी सॉफ्टवेअर नावाची वेगळी विक्रीची वस्तूच नव्हती. मोठे संगणक घेतले की त्यांचे कार्यक्रम सोबत येत, नवरीबरोबर रुखवत यावे तसे. २३ जून १९६९ रोजी आयबीएम कंपनीने जाहीर केले की यापुढे यंत्राची किंमत वेगळी आणि कार्यक्रमांची वेगळी. तेथून सॉफ्टवेअरचा स्वतंत्र व्यापार फोफावला. पण व्यापाऱ्यापुढे एक पेच होता. लोखंडाचा नांगर विकला की तो एकाच शेतात चालतो. कार्यक्रमाची नक्कल मात्र क्षणात होते. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले ते हेच, की तुम्ही यंत्राचे पैसे देता आणि आमचा कार्यक्रम मात्र फुकट उतरवून घेता. त्या गाऱ्हाण्यात तथ्य नव्हते असे कोणी म्हणू नये. म्हणून विक्रेत्यांनी वस्तू विकण्याऐवजी परवानगी विकण्यास आरंभ केला. आपण नाटकाचे तिकीट काढतो तेव्हा नाट्यगृह विकत घेत नाही. अमुक खेळाला अमुक खुर्चीत बसण्याची परवानगी घेतो. सॉफ्टवेअरचा परवाना त्याच जातीचा.

आपल्याकडे यातून एक मौज निर्माण झाली. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने वस्तूच आहे असे ठरवले. २ मार्च २०२१ रोजी, परदेशी सॉफ्टवेअरच्या किमतीवर रॉयल्टी म्हणून कर कापायचा का, या वादात त्याच न्यायालयाने सांगितले की खरीददाराला लेखकाचा स्वामित्वहक्क मिळत नाही, त्याला वापरापुरती वस्तू मिळते. न्यायालयापुढचे प्रश्न कराचे होते आणि त्यांची उत्तरे चोखच आहेत. पण सामान्य गिऱ्हाइकाच्या पदरी काय येते पाहा. विकत घेताना वस्तू, कर भरताना वस्तू, आणि यंत्र बुडाले की मात्र ती केवळ परवानगी!

आता ही परवानगी एका विशिष्ट यंत्राला कशी जखडली जाते, ते पाहू. बंदुकीच्या परवान्यावर बंदुकीचा क्रमांक असतो, तसे यंत्राचे काही तरी ओळखचिन्ह धरावे लागते. कोणी जाळ्याला जोडणाऱ्या कार्डाचा मॅक पत्ता धरला, कोणी डिस्कचा क्रमांक धरला, कोणी डोंगल नावाची बोटभर डबी दिली, जी यंत्रामागे खोचल्याशिवाय कार्यक्रम हलत नसे. सन कंपनीच्या स्पार्क यंत्रांची कथा तर सांगण्यासारखी आहे. त्या यंत्रांची ओळख, म्हणजे होस्ट-आयडी, एका छोट्या चिपमध्ये असे आणि त्या चिपच्या पोटात एक बॅटरी असे. मुख्य बोर्ड बिघडला की कारागीर नवा बोर्ड आणीत, जुन्या बोर्डावरची ती चिप अलगद उपटीत आणि नव्यावर बसवीत. म्हणजे शरीर नवे, पण नाव जुनेच, आणि परवाने निमूटपणे चालू! पण वर्षांमागून वर्षे गेली की ती बॅटरीच संपे, आणि धडधाकट यंत्राला आपले नाव आठवेनासे होई.

२००१ साली विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टने सक्रियीकरणाची पद्धत आणली. प्रोसेसर, डिस्क, मेमरी, जाळ्याचे कार्ड अशा अनेक भागांची मिळून एक खूण काढायची आणि ती कंपनीकडे नोंदवायची. एखादा भाग बदलला तर चालते, फार बदलले तर पुन्हा नोंद करा. आमच्या पतसंस्थेत पहिल्या दारी जे घडले ते याच पद्धतीमुळे. सगळेच भाग बदलले. तेव्हा प्रणालीने ओळख विचारली यात नवल नाही.

परंतु ओळख विचारणे ही तांत्रिक बाब झाली. खरा प्रश्न असा, की त्या परवान्याला नव्या घरी जाण्याची मुभा होती काय? येथे परवान्याच्या जाती कळल्या पाहिजेत. यंत्राबरोबर कारखान्यातूनच बसवून येणारा परवाना, ज्याला ओईएम म्हणतात, तो स्वस्त असतो आणि त्या स्वस्ताईची किंमत ही की तो त्याच यंत्राबरोबर जन्मतो आणि त्याच्याबरोबरच सती जातो. बिघडलेला बोर्ड दुरुस्तीत बदलला तर यंत्र तेच समजतात. सारे यंत्र बदलले तर परवाना संपला. मोठ्या संस्थांना मिळणारा व्हॉल्यूम परवाना याहून उदार असतो. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो. विंडोज सर्व्हरच्या बाबतीत साधारण नियम असा, की एकदा हलवल्यावर ९० दिवस पुन्हा हलवू नये, पण यंत्र कायमचे निकामी झाले असेल तर ही मुदत आड येत नाही. म्हणजे ज्या पतसंस्थेने चार पैसे वाचवण्यासाठी ओईएम परवाना घेतला, तिला पुराच्या चिखलात उभे राहून नवा परवाना विकत घ्यावा लागतो; आणि जिने दुसरा घेतला, ती एक नोंद करून मोकळी होते. हा फरक खरेदीच्या दिवशी पावतीच्या एका ओळीत दडलेला असतो आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

दुसरे दार अधिक फसवे आहे, कारण तेथे कुलूपच दिसत नाही. डेटाबेस निमूटपणे चालू झाला, असे मी म्हटले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमधल्या कोअरवर परवाना मोजण्याची पद्धत आली. एका प्रोसेसरला किमान चार कोअरचे परवाने लागतात. पतसंस्थेचे जुने यंत्र चार कोअरचे होते, तिने चार परवाने घेतले. नवे यंत्र सोळा कोअरचे आले. हौसेने नव्हे, बाजारात तेच मिळाले म्हणून. आता ते यंत्र जसेच्या तसे वापरायचे तर सोळा परवाने हवेत. कामाचा भार तोच, ठेवीदार तेवढेच, खाती तेवढीच. पण हिशेब चौपट! विंडोज सर्व्हरही २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवरच मोजला जातो, प्रत्येक प्रोसेसरला किमान आठ आणि यंत्राला किमान सोळा. त्याआधीच्या २०१२ च्या परवान्यात मात्र दोन प्रोसेसर मोजले जात, कोअर कितीही असोत. म्हणून जुना परवाना जुन्या अटींसह जपून ठेवणे केव्हा केव्हा सोन्याच्या मोलाचे ठरते. ओरॅकलमध्ये कोअरच्या संख्येला प्रोसेसरच्या जातीप्रमाणे एका गुणकाने गुणतात. इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरला हा गुणक अर्धा आहे, आयबीएमच्या पॉवर जातीला पूर्ण एक. म्हणजे यंत्राची जात बदलली तरी आकडा बदलतो.

या दाराशी कोणी हटकत नाही, म्हणून पाप नाही असे मात्र समजू नये. चार वर्षांनी विक्रेत्याचा तपासनीस येतो, यंत्र मोजतो आणि तोवरचा सारा हिशेब मागतो. त्या वेळी "आम्ही पुरात होतो" हे उत्तर भावनेला पटते, कराराला पटत नाही.

तिसरे दार सर्वांत दुःखद. कर्जवसुलीचा तो छोटा कार्यक्रम कोणा जवळच्याच माणसाने लिहिला होता, परवाना रीतसर होता, पैसे चुकते होते. पण किल्ली पुन्हा करून देणारा कोणी उरला नव्हता. एखाद्या घरी वाळवीने कपाट खाल्ले, दैवयोगाने पोथी वाचली, आणि पोथी उघडू गेलो तर तीवर लिहिलेले आढळले की ही पोथी त्याच कपाटात ठेवून वाचावी. तशातली ही गत. मोठ्या कंपन्यांतही असे प्रसंग येतात. अडोबी कंपनीने आपल्या सीएस२ या जुन्या संचाची नोंद घेणारे सर्व्हर २०१२-१३ च्या सुमारास बंद केले. तेव्हा नोंदीशिवाय चालणारी आवृत्ती तिने आपल्या गिऱ्हाइकांना उपलब्ध करून दिली. हा सभ्यपणा झाला. पण व्यवहार सभ्यपणाच्या भरवशावर सोडायचा नसतो, हे आपल्या आजोबांनी सावकाराच्या ओटीवर शिकलेले शहाणपण आहे.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ या ठिकाणी उपयोगी आहे. ज्याच्याजवळ कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याने नाश, हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव नक्कल काढली तर तो भंग नव्हे, असे ते सांगते. युरोपातल्या देशांनी १९९१ च्या निर्देशात पाऊल पुढे टाकले: वापरासाठी आवश्यक असलेली राखीव नक्कल काढण्यास कराराने मनाई करता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. परंतु या कलमांची मर्यादा ध्यानात घ्या. कायदा नक्कल काढू देतो. ती नव्या यंत्रावर उघडण्यासाठी लागणारी किल्ली विक्रेत्याने अमुक तासांत द्यावी, असे त्या कलमात नाही. आणि घाईच्या वेळी कोणी सुचवतो तशी चोरीची किल्ली लावावी, तर त्याच कायद्याचे कलम ६३ब उभे राहते: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. पुरात सर्वस्व गमावलेल्या संस्थेला हा मार्ग दाखवणारा मित्र नव्हे.

कोणी म्हणेल, यंत्रेच ठेवू नका. सारे दूरच्या कंपनीच्या क्लाउडवर न्या, म्हणजे बुडण्याचा प्रश्न मिटला. पाण्याचा मिटला, परवान्याचा नाही. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०१९ पासून नियम केला, की त्यानंतर घेतलेले साधे परवाने, सॉफ्टवेअर अॅश्युरन्सची जोड नसेल तर, ॲमेझॉन, गूगल, अलीबाबा यांच्या आणि स्वतः मायक्रोसॉफ्टच्याही भाड्याच्या यंत्रांवर नेता येणार नाहीत. कोणत्या घरी बिऱ्हाड हलवायचे, हेदेखील जुना घरमालक ठरवतो असा हा प्रकार.

एवढे सर्व सांगितल्यावर विक्रेते खलनायक आहेत असा आपला ग्रह होऊ नये. ज्याने बुद्धी खर्चून कार्यक्रम लिहिला, त्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे. आणि एका परवान्यावर शंभर यंत्रे चालवणारे आपल्यातच कमी नाहीत. कित्येक विक्रेते आपद्धर्म जाणतात. आपल्या घरोघरच्या हिशेबनिसांना ठाऊक असलेल्या टॅलीत परवाना जुन्या यंत्रावरून परत करून नव्यावर घेण्याची पद्धत आहे, आणि जुने यंत्रच नष्ट झाले तर तो मोकळा करून घेण्याची निराळी सोय आहे. ओरॅकलच्या धोरणपत्रकात राखीव नकला तपासून पाहण्यासाठी वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन दिवसांपर्यंत, वेगळ्या यंत्रावर त्या चालवण्याची मुभा दिली आहे. माझे म्हणणे इतकेच, की ही मुभा म्हणजे मेहेरबानी नव्हे, तो व्यवहाराचा भाग असला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने ती खरेदीच्या दिवशी मागितली पाहिजे. ज्याने एका यंत्राचे पैसे दिले आणि जो आजही एकच यंत्र चालवतो, त्याने चोरी केलेली नाही. त्याचे यंत्र मेले आहे, इतकेच.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, परवान्यांची नोंदवही ठेवावी. कोणता कार्यक्रम, कोणती आवृत्ती, परवान्याची जात कोणती, किती कोअर वा किती माणसांसाठी, पावती कोठे, किल्ली कोणती, कोणत्या यंत्रक्रमांकाशी बांधलेली, आणि अडचणीच्या वेळी कोणाशी बोलायचे. ही वही कागदावर असावी आणि सर्व्हरच्या इमारतीबाहेर असावी. किल्ल्यांची यादी सर्व्हरवरच ठेवणारी संस्था तिजोरीची चावी तिजोरीत ठेवते.

दुसरी गोष्ट, सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यंत्र नष्ट झाले तर परवाना दुसऱ्या यंत्रावर चालेल काय? नवी किल्ली किती वेळात, आणि सुटीच्या दिवशीही मिळेल काय? तालमीसाठी दुसरे यंत्र चालवू द्याल काय? आणि तुमचा धंदा बंद झाला तर आमचे काय? या शेवटच्या प्रश्नाचे रूढ उत्तर असे, की कार्यक्रमाची मूळ संहिता त्रयस्थाकडे ठेवून द्यावी. लहान संस्थेला तेवढे जमले नाही, तरी आपली माहिती केव्हाही साध्या, कोणालाही वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येईल, एवढी अट तरी घालावीच.

तिसरी गोष्ट, रंगीत तालीम. वर्षातून एकदा, परवान्याच्या अटींत राहून, राखीव नक्कल खरोखरच निराळ्या यंत्रावर उतरवून पाहावी. नक्कल सुरक्षित आहे एवढ्याने काम भागत नाही. कोणता कार्यक्रम कोठे अडतो आणि कोणता न अडताही हक्काबाहेर जातो, हे वहीत टिपून ठेवावे. नाटक कंपनी पहिल्या प्रयोगाआधी तालमी करते. आपला प्रयोग तर विनातारखेचा आहे.

चौथी गोष्ट, जेथे शक्य तेथे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर निवडावे. लिनक्स, पोस्टग्रेस, किंवा मुंबईत जन्मलेली ईआरपीनेक्स्ट यांच्या परवान्यात यंत्राचा क्रमांक कोणी विचारत नाही. चार कोअर असोत की चाळीस. मात्र तेथेही जाणकार माणूस लागतो आणि त्याचे वेतन द्यावे लागते. फुकट ते पौष्टिक, अशी समजूत करून घेऊ नये.

श्रोतेहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या कागद जपत आलो. खरेदीखत, सातबारा, ठेवीची पावती यांसाठी आपल्या घरात ट्रंकेचा एक कप्पा राखलेला असे; घराला आग लागली तर आधी मुले आणि मग ती ट्रंक बाहेर काढीत. आता कागद गेले आणि त्यांच्या जागी यंत्रातल्या नोंदी आल्या. आपण नोंदी जपायला शिकलो, हे खरे. पण त्या पुन्हा उघडण्याचा हक्कही एक दस्तऐवजच आहे, हे अजून शिकलेलो नाही. आपल्या पतसंस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत, लाभांशाचा प्रश्न विचारून झाला की आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: "आपला सर्व्हर उद्या बुडाला, तर परवा दुसऱ्या यंत्रावर काम सुरू करण्याचा आपल्याला हक्क आहे का, आणि तो कोठे लिहून ठेवला आहे?" उत्तर ताबडतोब मिळाले तर आपली ठेव बरी आहे असे समजा. मिळाले नाही, तरी प्रश्न वाया जाणार नाही. पुढच्या पावसाळ्याआधी कोणीतरी तो कागद शोधू लागेल.